येथे बीचका मारून मिळणार नाही

दिवाळी अंकासाठी 'आपल्या व्यवसायातले प्रेरणादायी अनुभव' लिहून द्या, असा निरोप घेऊन एक गृहस्थ आले. मी त्यांना सरळ सांगितलं, की नांदेडच्या मोंढ्याबाहेर, म्हणजे धान्याच्या बाजाराबाहेर, ट्रकच्या वायरी जोडण्यात माझी हयात गेली. त्यातून प्रेरणा कधी मिळाली नाही, वैताग मात्र पोत्याने मिळाला. वैताग चालेल का? ते म्हणाले, चालेल. तेव्हा वाचकांनी नंतर तक्रार करू नये.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर माझा वैताग कळायचा नाही. मोटारसायकल, कार, जीप यांना एक बॅटरी असते, बारा व्होल्टची. ट्रकचं आणि बसचं इंजिन जड, त्याला फिरवायला तेवढ्याने भागत नाही. म्हणून बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडतात आणि चोवीस करतात. खालच्या बॅटरीचं वजा टोक गाडीच्या सांगाड्याला, तिचं अधिक टोक एका जाड केबलने वरच्या बॅटरीच्या वजा टोकाला, आणि वरचीच्या अधिक टोकावरून गाडीभर करंट. आम्ही खालची-वरची म्हणतो, प्रत्यक्षात दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. यात कळायला अवघड असं काही नाही, आणि तरीही कुणाला कळत नाही.

भानगड सुरू होते ती शौकापासून. बाजारात टेप, पंखा, रंगीत पट्ट्या, मोबाइलचा चार्जर, जे काय मिळतं ते बहुतेक कारसाठी केलेलं, म्हणजे बारा व्होल्टचं. ट्रकवाल्याला ते सगळं पाहिजे असतं. त्यासाठी सरळ रस्ता आहे. कन्व्हर्टर नावाचा मुठीएवढा डबा मिळतो, तो दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखा करंट घेतो आणि बारा व्होल्ट करून देतो. पण आमचा माणूस बॅटरीचं झाकण उघडतो, दोघींच्या मधली केबल बघतो आणि त्याला साक्षात्कार होतो, की इथं आयते बारा व्होल्ट पडलेत, मग डबा कशाला? त्या मधल्या केबलवरून तो एक वायर काढतो. जुने उस्ताद तिला 'बीच का तार' म्हणायचे. पुढे तार गळून गेली आणि बीचका राहिला. नांदेड-लातूरच्या रस्त्यावर बीचका न मारलेला ट्रक दिसला तर तो कालच शोरूममधून निघालाय असं समजावं.

बीचका मारल्याने काय होतं? दोन बैल एकाच गाडीला जुंपलेले आहेत. त्यातल्या एकाला तुम्ही शेजाऱ्याच्या शेतात वेगळं राबवता आणि दावणीला आणून दोघांना सारखाच चारा टाकता. राबलेला अर्धपोटी राहतो आणि दुसऱ्याचं पोट फुगतं. बॅटऱ्यांचं हेच. खालची कायम रिकामी, वरची जादा चार्ज होऊन उकळते, तिच्यातलं पाणी आटतं, आणि लवकरच दोन्ही भंगारात. मग मालक दुकानात येऊन बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालतो.

मी दुकानावर पाटीच लावली होती, 'येथे बीचका मारून मिळणार नाही.' लोक पाटीखाली उभं राहून ती मोठ्याने वाचायचे आणि आत येऊन विचारायचे, "उस्ताद, बीचका मारून मिळंल का?"

उदगीरकडचे एक बसमालक होते. त्यांनी मोबाइलवर बघून स्वतःच सगळं शिकून घेतलं होतं. बीचक्याने खालची बॅटरी मरते एवढं त्यांना समजलं, म्हणून त्यांनी शक्कल लढवली आणि बारा व्होल्ट वरच्या बॅटरीवरून घेतले. आता वरच्या बॅटरीचं वजा टोक म्हणजे गाडीचा सांगाडा नव्हे, हे मोबाइलमध्ये सांगितलेलं नसावं. अँप्लिफायरचा खोका लोखंडी, आणि खोका म्हणजेच त्याचं वजा टोक. त्यांनी तो डॅशबोर्डला स्क्रूने घट्ट आवळला, त्याबरोबर खालची बॅटरी सरळ शॉर्ट झाली आणि धूर निघाला. "पीस खराब निघाला," म्हणत त्यांनी दुसरा आणला आणि तोही तसाच आवळून जाळला. तिसरा घेऊन माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "आजकाल मालच चांगला येऊन न्हाई राहिला." मी मान डोलावली. अशा माणसाशी वाद घालायला उमेद लागते, ती माझ्यात उरली नव्हती.

माझ्यासमोरच एक दुकान होतं. तिथले उस्ताद कुणालाही नाही म्हणत नसत. ते बीचका मारायचे, गाडी मरायची, आणि मेलेली गाडी ढकलत माझ्याकडे यायची. असा आमचा दोघांचा धंदा एकमेकांवर चालला होता. ते मला आखडू म्हणत आणि मी त्यांना काय म्हणे ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो माधव. उमरीजवळच्या खेड्यातला ड्रायव्हर. अहमदपूरच्या विश्वनाथअप्पांचा ट्रक चालवायचा. अप्पा तिथल्या मोंढ्यातले जुने अडत व्यापारी, कपाळाला भस्म, बोलणं गोड, आणि ट्रक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या ट्रकला पुढून, मागून, बाजूने, टपावर रंगीत पट्ट्या लावलेल्या. गाडी रस्त्याने चालली की तिच्यात सोयाबीन आहे की नवरदेव, असा प्रश्न पडावा. आणि ही सगळी रोषणाई बीचक्यावर.

एका दुपारी माधव एक छोटी पेटी घेऊन आला. बारा व्होल्टवर आतली हवा गार ठेवणारी, प्रवासात पाणी-सरबत ठेवायला मिळते तशी. हैदराबादला घेतली म्हणाला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे त्याने बघितलं आणि माझ्या जवळ येऊन बसला.

"उस्ताद, तुमाला म्हनून सांगतो. ही पाण्यासाठी न्हाई. मला शुगर हाय. सुई घ्यावी लागती."

"अप्पाला म्हाईत हाय?"

"न्हाई. कळलं तर चाव्या जातेत."

इन्सुलिन उन्हात टिकत नाही, हे त्याला डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ट्रकच्या केबिनमध्ये माणूस टिकत नाही, तिथे औषधाचं काय. गाडी सोडून दुसरं काही त्याला येत नव्हतं. घरी दोन मुली शाळेत जाणाऱ्या. त्याची नोकरी आणि त्याचा जीव, दोन्ही त्या पेटीत ठेवायचं होतं आणि पेटीला अखंड बारा व्होल्ट पाहिजे होते.

मी म्हणालो, कन्व्हर्टर बसवू, पेटीला स्वतंत्र लाइन देऊ. तो स्वतःच्या खिशातून करायला तयार होता. अडचण अप्पांची होती. त्यांच्या गाडीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी स्क्रूसुद्धा मारायचा नाही, असा दंडक. मी फोन स्पीकरवर लावला आणि ड्रायव्हरला गार पाणी पाहिजे असं सांगून विचारलं.

"दोन बॅटऱ्या हायेत की वो उस्ताद, त्यात आनि तिसरा डबा कशाला? आमच्या इथला मिस्त्री म्हनतो, ते कन्व्हर्टर करंट पितंय."

"अप्पा, करंट तुमच्या लायटी पितेत."

"लायटी गाडीची शोभा हाय. गाडी हाय का दवाखाना, नळ्या अन् डबे लावायला? माझ्या गाडीला भोक पडायचं न्हाई."

दवाखाना हा शब्द ऐकून माधव माझ्याकडे बघत राहिला. मी फोन ठेवला. बीचक्यावर पेटी लावून द्यायला मी साफ नकार दिला, कारण ती दगा देणार हे मला दिसत होतं. माधव अहमदपूरला गेला आणि अप्पांच्या त्याच मिस्त्रीकडून बीचक्यावर लावून घेतली. त्याला भोक लागत नव्हतं, म्हणून अप्पांची हरकत नव्हती.

मे महिन्यात पेटीने दगा दिला. रोषणाईने खालची बॅटरी एवढी पिळून काढली होती, की पेटीचा दिवा लागलेला दिसायचा पण आत गारवा नाही. औषधाचं पाणी झालं. माधव ते नेमाने टोचून घेत राहिला, त्याला वाटत होतं आपण औषध घेतोय. हैदराबादहून येताना तहान लागायला लागली, भागेना. मग रस्ता दोन-दोन दिसायला लागला. त्याने देगलूरच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि तिथेच पडला. मागून येणाऱ्या एका टेंपोवाल्याने दवाखान्यात पोहोचवला म्हणून वाचला. अप्पांना त्याने ऊन लागलं असं सांगितलं. अप्पांनी त्याला खिशात कांदा ठेवून गाडी चालवायचा सल्ला दिला.

बरा झाल्यावर तो माझ्याकडे आला, वाळून गेलेला. मी म्हणालो, लायटी बंद ठेव. म्हणाला, अप्पा फोटो मागवतात. मी म्हणालो, मग बॅटऱ्यांची अदलाबदल करत जा, खालची वर आणि वरची खाली. रोग जात नाही, पण ओझं दोघींवर वाटून पडतं आणि दिवस ढकलता येतात. तर म्हणाला, अप्पा गाडी उभी राहू देत नाहीत, उभी राहिली की का उभी म्हणून विचारतात.

"मग उभी राहती कधी?"

"अमावस्येला. त्या दिशी पूजा असती, अप्पा गाडी हलू देत न्हाईत."

"मग अमावस्येला फिरव."

माझं काम इथे संपलं. पुढचं माधवचं. अमावस्येला बॅटरीचं झाकण का उघडतोस म्हणून अप्पांनी हटकलं, तेव्हा त्याने बेधडक सांगून टाकलं, की आमच्या सासुरवाडीकडं अमावस्येला बॅटऱ्या फिरवतेत, गाडीला नजर लागत न्हाई. मी जे सांगितलं होतं त्याला हळदकुंकू त्याने लावलं. अप्पांना पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांनी स्वतः हात लावून बॅटरी उचलली आणि वर उदबत्ती ओवाळली.

त्यानंतर जे झालं त्याने माझ्या डोक्यावर केस राहिले हेच नवल. अप्पांचं बघून अहमदपूरच्या मोंढ्यातले सगळे अमावस्येला बॅटऱ्या फिरवायला लागले. ज्यांनी बीचका मारला होता ते फिरवत होतेच, ज्यांनी मारला नव्हता तेही. मग ते लोण लोह्यावरून नांदेडला आलं. समोरच्या उस्तादांनी तर बोर्डच लावला, 'अमावस्येला बॅटरी फिरवून मिळेल.' छोट्या पिकअपला एकच बॅटरी असते. ती काढून जागच्या जागी एक गोल चक्कर देऊन परत बसवणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला. एक गृहस्थ मला विचारायला आले, की दोघींमधली थोरली कोणती आणि धाकटी कोणती, कारण आधी थोरलीला हात लावावा लागतो. दुसऱ्याने मला समजावून सांगितलं, की खालची बॅटरी पितरांची असते.

एरवी मी त्याला पितरांसकट दुकानाबाहेर काढला असता. पण तोंड उघडावं तर हे खूळ कुणी काढलं ही चौकशी आलीच, आणि चौकशी माधवपर्यंत गेली असती. म्हणून मी गप्प बसून ऐकत होतो. "असं का?" म्हणत होतो. माझ्या जिभेला आयुष्यात एवढा जाच कधी झाला नाही. आणि राग याचा, की त्या गाड्यांच्या बॅटऱ्या खरंच जास्त टिकायला लागल्या. लोक येऊन सांगायचे, "बगा उस्ताद, तुमी मानत न्हाईत."

माधवची पेटी मात्र चालू राहिली. दोन उन्हाळे त्याने काढले. साखर ताब्यात, नजर स्वच्छ, गाडीला ओरखडा नाही. नांदेडला आला की पेटी उघडून दाखवायचा, मी हात घालून बघायचो आणि "हाव, गार हाय" म्हणायचो.

मग एका अमावस्येला पूजा झाल्यावर अप्पांना वाटलं, पेढे उन्हात खराब होतील. त्यांनी ठेवायला म्हणून ती पेटी उघडली. आत सुया. आधी त्यांना वाटलं माणूस नशा करतो. चारचौघांत त्यांनी विचारलं, "ह्या कशाच्या सुया हायेत रं?" बापाच्या आहेत, बायकोच्या आहेत, काहीही सांगता आलं असतं. अमावस्येची कथा रचणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याला खोटं सुचलं नाही. खरं ते सांगून बसला.

अप्पांनी हात पुढे केला आणि चाव्या घेतल्या. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या हातात भरलेला ट्रक द्यावा का, हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझी स्वतःची गाडी असती तर मीही डॉक्टरला विचारलं असतं. अप्पांनी डॉक्टरला विचारलं नाही, माधवलाही विचारलं नाही. "तू मला फसवलास," एवढंच म्हणाले. माधव पेटी काढायला लागला तर म्हणाले, गाडीला बसलेली वस्तू गाडीची. सुया तेवढ्या त्याच्या हातात दिल्या, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून.

हे मला माधवने सांगितलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी अप्पांना फोन करून नको ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "उस्ताद, तुमाला गाडी असती तर कळलं असतं." आणि ठेवून दिला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो ट्रक माझ्या दारात येऊन थांबला. नवा ड्रायव्हर, आणि शेजारी स्वतः अप्पा. उतरून माझ्या बाकड्यावर बसले, पाणी प्यायले. मला वाटलं, माधवचा विषय काढतील.

"उस्ताद, ते कन्व्हर्टर तुमच्याकडं हाय का? चांगल्यातला चांगला पायजे."

"कशासाठी?"

"पेटीसाठी. बंद पडून राहिली. अन् ती बंद पडली की गाडीला कायतरी होतं. मागं बंद ठिवली तर लोह्याजवळ टायर फुटला. पुन्हा बंद पडली तर गिअर गेला. ती चालू होती तवर दोन साल गाडीला काय झालं न्हाई. बरकत हाय तिच्यात."

मी गाडीत चढून पेटी उघडली. आत काही नव्हतं. तळाला हळदकुंकू आणि एक सुकलेलं फूल.

"आत काय ठेवता?"

"काय न्हाई. नुसती चालू पायजे."

"अप्पा, गाडी चांगली माधवनं चालवली होती."

"चांगला ड्रायव्हर होता, मी कुठं न्हाई म्हनतो?"

"मग पेटी त्याला द्या. त्याची हाय."

"त्याला दुसरी घिऊन देतो की. ही न्हाई द्यायची." घेऊन देतो म्हणाले ते अजून देतच आहेत.

"अन् भोक पाडावं लागतंय, चालंल का?"

"पाडा की," अप्पा म्हणाले. "हिच्यासाठी पाडा."

तिथेच हात झटकून त्यांना वाटेला लावायला पाहिजे होतं. पाटी बीचक्याची होती, कन्व्हर्टरला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? एवढी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला तेच काम स्वतः चालून आलं होतं. मी बसवलं. बीचका उपटून फेकला. जाड वायर, स्वतंत्र फ्यूज, सगळे जोड झाळून, वर नळी चढवून. हयातीत एवढं नीट काम मी केलेलं नाही, आणि ते एका रिकाम्या पेटीसाठी केलं. अप्पांनी पेटीला हात जोडले आणि गाडी गेली.

माधव आता उमरीला पिठाच्या गिरणीवर बसतो. औषध ओल्या रेतीतल्या मडक्यात ठेवतो, उन्हाळ्यात त्याचा भरवसा नसतो. मी त्याला फोन लावला. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सांगितलं. तो रागावेल, हसेल, निदान अप्पांच्या नावाने एखादी शिवी तरी घालेल असं मला वाटत होतं.

"डबा बसिवला?" त्याने विचारलं.

"हाव."

"थंड धरती का आता?"

"लई. हात गारठला माझा."

"अन् इंजिन बंद केल्यावर?"

"तरी बी."

गिरणीच्या पट्ट्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी त्याला दळण मागितलं, त्याने थांबा म्हणून सांगितलं.

"बगा," तो म्हणाला. "असंच पायजे होतं ते."